प्रकाशयोजनेचा विद्यार्थी आणि त्याचा खर्च

मराठी नाट्यपरीक्षणांत प्रकाशयोजनेच्या वाट्याला बहुधा शेवटच्या परिच्छेदातले एखादे वाक्य येते. समीक्षेची ही कंजुषी शिष्यवृत्त्यांतही उतरली आहे, असे आम्हांस वाटते.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, मुदत दोन वर्षे. निर्वाह, प्रवास, पुस्तके, साहित्य, शिक्षणशुल्क असे सारे त्यातच भागवायचे. नाट्यकलेच्या अंगांत प्रकाशयोजनाही तिच्यात बसते. योजना स्वागतार्हच आहे. तिचे माप मात्र नट आणि गायक नजरेपुढे ठेवून घेतलेले दिसते.

गायकाचा गळा त्याच्याबरोबर असतो. नट गच्चीवरही तालीम करू शकतो. प्रकाशयोजनेच्या विद्यार्थ्याचे वाद्य मात्र दुसऱ्याच्या मालकीचे असते : दिवे, डिमर, आणि ज्यात पुरता अंधार करता येईल असे रिकामे नाट्यगृह. दिव्याचा कोन बदलला की चेहऱ्यावरची सावली कशी सरकते, हे पुस्तक सांगते. पण तो दिवा नेमका कुठवर मंद करायचा, हे रंगमंचासमोर तासन्‌तास बसल्यावाचून कळत नाही. निवड समितीपुढेही नट उतारा सादर करतो. हा बिचारा आराखडे आणि छायाचित्रे घेऊन उभा राहतो.

रिठदसारख्या गावातून पदव्युत्तर नाट्यशिक्षणासाठी निघालेल्या मुलाला छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई यांसारख्या एखाद्या शहरातील विद्यापीठ गाठावे लागते. तेथे खोलीभाडे आणि खाणावळ यांतच दीड महिन्याची रक्कम एका महिन्यात संपली, तर सरावासाठी काय उरणार?

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या मुलाने दिव्यांच्या नादी लागावेच कशाला? यावर आमचे उत्तर असे, की ही नाटकाची सजावट नव्हे, नाटकाची भाषा आहे. १९५९ साली उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’मध्ये तापस सेन यांनी खाणीत शिरणारे पाणी प्रकाशाने उभे केले. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तला ढासळता वाडाही केवळ संवादांनी दिसत नाही. विदर्भातल्या घरातला तो अंधार ओळखणारा मुलगा विदर्भातूनच यायला नको काय?

राज्य नाट्य स्पर्धेत शासन प्रकाशयोजनेला स्वतंत्र पारितोषिक देते. तयार कलावंताचा गौरव करणाऱ्या शासनाने तो घडण्याचा खर्चही स्वतंत्रपणे मोजावा. निर्वाहवेतनाखेरीज सरावाचा निधी असावा. प्रयोग नसलेल्या दिवशी शासकीय व नगरपालिकांची नाट्यगृहे विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळावीत. अनुभवी प्रकाशयोजनाकाराच्या हाताखाली केलेल्या उमेदवारीला विद्यावेतन असावे. यांतली दुसरी गोष्ट तर फारशा पैशाचीही नाही. तिच्यापासून आरंभ करायला काय हरकत आहे?