जुनं मशीन की तुटकी वायर?

मंडळी, इथे मिशिगनमध्ये सीएनसी मशीनने प्रोग्राम घेणं बंद केलं, की सल्ला ठरलेला: "कंट्रोलर जुना झाला, बदलून टाका." माझा याला साफ विरोध आहे.

गेल्या महिन्यात सहा माणसांच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या फानुकवर ०८६ अलार्म येत होता. विक्रेत्याचं नव्या कंट्रोलरचं कोटेशन तयार! अहो, ०८६ म्हणजे 'समोरचं उपकरण तयार आहे' हा सिग्नल मिळत नाही, एवढंच. केबल उघडली, तर २५ पिनांच्या कनेक्टरमधला ६-८-२० हा जोड तुटलेला. सोल्डर मारलं, मशीन सुरू.

०८५ आला तर बॉड रेट आणि पॅरिटी बघा. कंट्रोलर ७ बिट, इव्हन पॅरिटीवर आणि लॅपटॉप ८ बिट, नो पॅरिटीवर, मग जमणार कसं? ०८७ म्हणजे कंट्रोलर "थांब" म्हणतोय आणि लॅपटॉप ऐकत नाहीये. हँडशेक तपासा. यूएसबी अडॅप्टर असेल तर तोही बदलून पाहा.

नव्या कंट्रोलरमध्ये मेमरी जास्त, वेग जास्त, हे मान्य. मग तसं सांगून विका ना! तुटक्या वायरच्या नावावर कशाला? तो खर्च शेवटी त्या सहा जणांच्या पोटावरच आला असता.

आरएस-२३२ हे १९६० सालचं स्टँडर्ड. ते म्हातारं असेल, पण खोटं बोलत नाही. अलार्म नंबर वाचा, मल्टिमीटर लावा, मग काय ते ठरवा. असो.