बिनदाराच्या गावातली जाहिरात

हल्ली ज्या घरी जावे तिथे कोणी ना कोणी काही तरी विकत असते. सूनबाई चकल्या करून देतात, थोरल्या लेकीचे उटणे असते, निवृत्त झालेले काका देवगडहून आंबे मागवून देतात. माल चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण फराळाची बशी पुढे आली की मागोमाग प्रश्नही येतो, "फेसबुकवर टाकू, की इन्स्टाग्रामवर? की सगळीकडेच टाकू?" मुलीसाठी स्थळ पाहतानाही इतका खल होत नसेल!

माझे म्हणणे असे, की या प्रश्नाच्या उत्तरासाठी जाहिरातीच्या कचेरीत जाऊ नये, शनिशिंगणापूरला जावे. दर्शनही पदरात पडते.

शिंगणापूर हे नेवासे तालुक्यातले गाव, नगर-संभाजीनगर रस्त्यावरच्या घोडेगावहून आत. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, पण जुन्या जिभेवर नगरच येते.) उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांच्या आसपासची काळी शिळा, वर छप्पर नाही, आणि गावातल्या घरांना दारे-कुलपे न लावण्याची रीत. एवढ्या भांडवलावर हे गाव देशभर गेले. गुलशनकुमार यांच्या 'सूर्यपुत्र शनिदेव' या चित्रपटाने त्याला हात दिला. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा उघडली, तेव्हा 'बिनकुलपाची बँक' म्हणून वर्तमानपत्रांनी तिची बातमी आपण होऊन छापली. पुढे चोरीच्या तक्रारीही झाल्या, २०१५ साली पोलीस ठाणेही आले, तरी गोष्ट टिकून आहे. ऐकणाऱ्याला ती दुसऱ्याला सांगावीशी वाटते, हेच तिचे बळ. सांगण्यासारखे काही नसेल, तर कुठल्याही माध्यमावर टाका, ते तिथेच पडून राहील.

पण गाव प्रसिद्ध होणे वेगळे आणि गावातल्या दुकानात गिऱ्हाईक येणे वेगळे. त्यासाठी तिथे एक खास माध्यम आहे, त्याचे नाव 'लटकू'. येणाऱ्या गाडीला अक्षरशः लटकून तिला ठराविक दुकानापुढे नेऊन उभी करणारी ही मंडळी. वाहनतळ दाखवतात, पूजेचे ताट गळ्यात मारतात, आणि गिऱ्हाईक पैसे मोजून मनात शिव्या देत निघते. आता गंमत पाहा, लटकूची सुटका फोनमध्येही नाही. पैसे भरून दाखवलेली जी जाहिरात आपण गाणे ऐकत असताना मध्येच आडवी येते, ती कोण? दुकान दिसते खरे, पण पुन्हा कोणी त्याच दुकानात जाईल असे नाही. आयुष्यात एकदाच येणाऱ्या भाविकावर ते चालून जाते. चकलीवाल्या सूनबाईंना तर तेच गिऱ्हाईक पुढच्या दिवाळीलाही हवे असते.

म्हणून आधी माध्यम पाहू नये, गिऱ्हाईक कोणत्या घटकेला आपल्याला शोधते ते पाहावे. राहुरीकडून शिंगणापूरला जाताना रसवंत्या लागतात. लाकडी चरकाला बैल जुंपलेला, घुंगरांचा आवाज, हिरवा फेसाळ रस. हे दृश्य हलते आहे, बोलते आहे. ते इन्स्टाग्रामच्या रीलवर शोभते, आणि पुढच्या शनिवारी निघणाऱ्या पुण्याच्या पोराला आजच तहान लावते. शेजारच्या यात्री निवासाने मात्र बैल दाखवून उपयोग नाही. त्याचे गिऱ्हाईक रात्री नऊ वाजता, मागच्या सीटवर पोर रडत असताना, गुगलच्या नकाशावर खोली शोधते आणि आधीच्या लोकांनी काय लिहिले ते वाचते. तिथे फोन नंबर चुकीचा असेल, तर हजारो रुपयांच्या जाहिराती वाया.

सूनबाईंचे उत्तर बहुधा व्हॉट्सअ‍ॅप हेच. २०१८ पासून धंद्यासाठी त्याचे वेगळे अ‍ॅप आहे, त्यात मालाची यादी आणि किंमत लावता येते. मात्र एकदम सर्वांना पाठवलेला निरोप ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोचतो. म्हणजे आधी ओळख, मग निरोप. परदेशातल्या मराठी घरांपर्यंत जायचे असेल, तर तिकडच्या मंडळांचे फेसबुकवरचे गट बरे. "चकली कुणाकडची चांगली?" असे तिथे कोणी तरी विचारतेच, आणि उत्तर दुकानदाराने नव्हे, शेजारणीने द्यायचे असते.

नाव मोठे झाले की त्याची नक्कलही होते, हेही शिंगणापूरनेच दाखवले. ऑनलाइन पूजेच्या नावाने देवस्थानची बनावट अ‍ॅप निघाली, भाविकांचे पैसे भलतीकडे गेले, आणि २०२५ च्या जुलैत विषय विधानसभेत पोचला. ज्या गावाने दाराला कुलूप लावले नाही, त्याच्या नावाने दुसऱ्यांनीच दुकान मांडले! तेव्हा विकायला बसणार नसलात तरी आपले नाव प्रत्येक माध्यमावर नोंदवून ठेवावे आणि पैसे कोणत्या खात्यावर घेतो ते ठळक लिहावे. याला खर्च नाही, एक दुपार जाते.

आणखी एक. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि ज्यांनी सगळा पसारा तिथेच मांडला होता त्यांचे चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. याउलट किर्लोस्करवाडी पाहा. नांगर आणि चरक करणाऱ्या त्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते पुढे 'किर्लोस्कर' मासिक होऊन घरोघरी वाचले गेले. नांगर घेणाऱ्याने वाचावे असे त्यांनी काही तरी दिले, आणि वाचकांचे पत्ते त्यांच्या स्वतःच्या वहीत होते.

सूनबाईंना मी ती वहीच आणायला सांगेन, दोनशे पानी, साधी. नाव, पत्ता, फोन, मागच्या खेपेला काय नेले आणि तिखट किती चालते, एवढे तिच्यात लिहावे. इन्स्टाग्रामचे खाते चालवायला धाकट्या दिरांना द्यावे, पण विचारणा आली तर त्याच दिवशी उत्तर गेले पाहिजे या अटीवर. मुदतपूर्व परीक्षा वगैरे सबबी चालणार नाहीत. दोन माध्यमे पुरेत. तिसरे सुरू करायचे असेल, तर आधी चकलीचा सोऱ्या दुसरा घ्यावा लागेल.