समुद्रदेव, गुप्तधन आणि आपली शोकेस

हल्ली फ्लॅट घेतला की हॉलमध्ये एखादी 'अँटिक' मूर्ती लागतेच. ग्रीक देवाची असेल तर भाव आणखी वर! नवीन माल असेल तर माझं काही म्हणणं नाही. पितळेवर हिरवट रंग मारा, अपोलो म्हणा... तुमचे पैसे, तुमची शोकेस. माझं भांडण आहे ते "ओरिजिनल आहे बरं का, ओळखीतून मिळाली" असं डोळे मिचकावून सांगणाऱ्यांशी.

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटीशी ब्राँझ मूर्ती आहे. हो, तोच ग्रीकांचा त्रिशूळवाला समुद्रदेव. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४ साली सापडली. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं. मूर्ती एकटी नव्हती. सोबत रोमन बनावटीची भांडी होती आणि आपल्याकडचं, हत्तीवर बसलेल्या माणसांचं ब्राँझही. खरी किंमत या 'सोबत'ची आहे! सातवाहन काळात समुद्रापलीकडचा माल घाट चढून कुठवर येत होता, ते त्यावरून कळतं. तीच मूर्ती बेनामी विकली गेली असती तर? जगातल्या शेकडो पोसायडनांत आणखी एक. डेटा ठेवला, मेटाडेटा उडवला.

आता आमच्या पोलादपूरकडे या. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. म्हणजे बंदर आणि घाट यांच्यामधला हा जुना मुलूख. उद्या एखाद्या प्लॉटच्या पायात जेसीबीला काही लागलं, तर काय होईल? गावात 'गुप्तधन' म्हणून कुजबुज, मग भंगारवाला, नाहीतर पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणजे आपणच!

खरं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही.

"सरकारी गोदामात धूळ खाण्यापेक्षा माझ्या घरी बरी!" हा लाडका युक्तिवाद. अहो, धूळ पुसता येते. पण मूर्ती कुठे, कशासोबत सापडली हे एकदा पुसलं गेलं की परत मिळत नाही. आणि चोरीचा माल विकणारा ते खरं सांगेल कशाला?

तेव्हा हौस असेल तर नवी मूर्ती घ्या, पावतीसकट. जुनी बघायची असेल तर कोल्हापूरला जा. तांबडा-पांढरा रस्सा ओरपायला जाताच ना?