लाल कांदा, उन्हाळ कांदा

उमराण्याच्या बाजारात सध्या लाल कांद्याची शेवटची वाहनं आणि उन्हाळ कांद्याची पहिली वाहनं एकाच रांगेत उभी दिसतात. गेल्या आठवड्यात अशाच रांगेत आबांच्या ट्रॅक्टरवर बसून लिलावाची वाट बघत होतो. सोबत त्यांचा नातू, मोबाईलमध्ये डोकं घालून. विषय निघाला ऋतुराज गायकवाड आणि पृथ्वी शॉचा. ‘काका, दोघांत खरा गुणी पृथ्वीच,’ त्याने निकाल देऊन टाकला. मी म्हटलं, बाबा रे, ते कबूल. पण दहा वर्षांनी कोण खेळत असेल, ते सांग.

पोराचं चुकत नव्हतं. विरारहून लोकलने मैदान गाठणारा पृथ्वी चौदाव्या वर्षी शालेय हॅरिस शील्डमध्ये 546 धावा करून बसला. 2018 मध्ये 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात 99 चेंडूंत शतक. आमच्याकडे लाल कांदा असाच येतो. आधी येतो, रंगाने डोळे दिपवतो, आणि बाजार रिकामा असेल तर चढा भाव घेऊन जातो. फक्त तो साठवणीच्या चाळीत भरायचा नसतो. अंगात पाणी जास्त, साल पातळ. निघाला की विकायचा.

पृथ्वीच्या खेळातलं पाणी कुठे होतं, ते डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला दिसलं. सामन्याचा दुसराच चेंडू. ऑस्ट्रेलियाच्या स्टार्कचा चेंडू आत येतोय, पाय जागच्या जागी, हात मात्र चेंडू शोधत पुढे गेलेले. बॅट आणि पॅडच्या मधून बैलगाडी जावी एवढी वाट. चेंडू आतली कड घेऊन यष्टीवर. दुसऱ्या डावात कमिन्सनेही यष्टीच उडवली. 0 आणि 4. त्यानंतर त्याला कसोटी मिळालेली नाही. नजर आणि हात यांच्या जोरावर खेळणाऱ्याचं असंच असतं. ज्या दिवशी जमतं त्या दिवशी जानेवारी 2023 सारखं जमतं : आसामविरुद्ध 379, रणजीत भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद 443 नंतरची सर्वांत मोठी खेळी. जमत नाही त्या दिवशी हाताशी दुसरं काही नसतं.

ऋतुराजची सुरुवात आठवते? आयपीएल 2020, दुबईत आधी कोरोनाने गाठलं, मग 0, 5, 0. अनेकांनी त्याला तिथेच निकालात काढला. हंगाम संपता संपता सलग तीन अर्धशतकं, आणि पुढच्या वर्षी 635 धावांसह ऑरेंज कॅप. पिंपरी-चिंचवडचा हा मुलगा बॅट फिरवतो तेव्हा जोर लावल्यासारखं वाटतच नाही. हाच शांत माणूस नोव्हेंबर 2022 मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारतो (एक नोबॉल होता, म्हणून सात, नातवाने हे मला तीनदा समजावलं). उन्हाळ कांदा उशिरा काढायचा, पात वाळू द्यायची, मग चाळीत भरायचा. नीट सुकवलेला असेल तर दिवाळीपर्यंत टिकतो. ऋतुराज तसा सुकवलेला आहे.

गंमत म्हणजे आता दोघं एकाच चाळीत आहेत. मुंबईने 2024 मध्ये पृथ्वीला रणजी संघातून वगळलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेद्दाच्या आयपीएल लिलावात 75 लाखांच्या मूळ किमतीलाही त्याला बोली लागली नाही. उमराण्यात बदला, म्हणजे खराब, मालालासुद्धा काहीतरी पुकारतात हो! 2025 मध्ये तो महाराष्ट्राकडे आला. पहिल्या रणजी सामन्यात केरळविरुद्ध शून्यावर बाद. धावफलक 4 बाद 5 असताना उभा राहिला ऋतुराज, 91. पुढच्या सामन्यात चंदीगडला ऋतुराजचं शतक, आणि दुसऱ्या डावात पृथ्वीच्या 222. सामनावीराचा मान ऋतुराजने त्याच्यासोबत वाटून घेतला. डिसेंबरच्या लिलावात दिल्लीने अखेर त्याच 75 लाखांना त्याला उचललं.

मी माझे पैसे ऋतुराजवर लावतो. वय पृथ्वीचं कमी, तो 26 चा आणि हा 29 चा, तरीही. कारण सलामीची जागा भरलेली दिसली तेव्हा ऋतुराज खाली सरकला. केरळविरुद्ध तो सलामीला नव्हताच. डिसेंबरमध्ये रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चौथ्या क्रमांकावर येऊन त्याने 105 केल्या. पृथ्वीला नवा चेंडू आणि मोकळं मैदान हवं. त्याला पाचव्या क्रमांकावर आलेलं माझ्या डोळ्यांसमोर येत नाही.

पण त्या 105 चं काय झालं? पुढच्याच महिन्यात न्यूझीलंडविरुद्धच्या संघात श्रेयस अय्यर परतला आणि ऋतुराज बाहेर. कसोटीची टोपी तर अजून डोक्यावर आलेलीच नाही. इथे माझा कांदा जरा अडचणीत येतो. गेल्या साली आबांनी उन्हाळ कांदा पाच महिने राखला, भाव येईल म्हणून. सप्टेंबरात चाळ उघडली तर वरचे थर कोंबाळलेले, वजन घटलेलं, आणि भाव तोच. कांद्यात खोट नव्हती.

हे बोलेपर्यंत आमचा नंबर आला. व्यापाऱ्याने दोन कांदे उचलून हातात दाबले, एकाचं साल अंगठ्याने सोललं, पुढे गेला. बोलणं थांबलं. आकडा पुकारला गेला तेव्हा आबांनी तोंड वाकडं केलं, पण गाडी फिरवली नाही.

परतताना नातवाने पैज लावली : दहा वर्षांनी पृथ्वी खेळत असेल तर मी भेळभत्ता द्यायचा, ऋतुराज असेल तर त्याने. दोघंही असले तर? ‘मग आबा देतील.’

आबा गिअर टाकत म्हणाले, ‘देईन की. पण तवर शेव चावायला दात राहतील का, ते सांग.’