अंगण खरोखरच वाकडे असेल तर?

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण शिकवणाऱ्याच्या बाजूची आहे. शिकणाऱ्याने साधनाविषयी जरा कुरकुर केली की ती त्याच्या तोंडावर फेकता येते आणि चर्चा तिथेच संपते. म्हणीत एक गृहीत मात्र बिनबोभाट दडलेले असते, ते असे की अंगण सरळच आहे. ते कोणी मोजलेले नसते. मोजण्याची गरजही कोणाला वाटलेली नसते. हे गृहीत तपासून पाहावे असे आम्हांस वाटते, आणि त्यासाठी सुताराच्या स्वस्त हत्यारांचे उदाहरण फार उपयोगी आहे. मराठीत सुताराच्या थैलीतल्या ऐवजालाही आपण ‘साहित्य’च म्हणतो, तेव्हा हे फार मोठे विषयांतर झाले असे वाचकांनी मानू नये.

स्वस्त हत्यार म्हणजे काय, हे आधी पाहू. बाजारात एकाच मापाचे, दिसायला जवळपास सारखे असे दोन लोखंडी रंधे मिळतात आणि त्यांच्या किमतींत दहापट अंतर असू शकते. गंमत अशी की दोन्हींची मूळ रचना बहुधा एकच असते. लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराने ती एकोणिसाव्या शतकात सिद्ध केली आणि १८६९ साली स्टॅन्ली कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला. या रचनेचे हक्क केव्हाच सार्वजनिक झालेले आहेत. मग उरलेली किंमत कशाची? काही अंशी ती पोलादाची. पण बरीचशी ती शेवटच्या हाताची, म्हणजे तळ घासून सपाट करणे, पाते बसण्याची जागा साफ करणे, कडा मोडणे, सुटे भाग एकमेकांवर नीट टेकतात की नाही हे पाहणे, या कामांची असते. स्वस्त रंधा बनवणारा ही कामे गाळतो. त्याने विकलेला रंधा पुष्कळदा वाईट नसतो, अपुरा असतो. घेणाऱ्याला मिळते ती सूट नसून त्याच्यावर सोपवलेले काम असते, आणि ते काम आपल्याकडे आले आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

हे काम अवघड नाही. जाड, सपाट काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर चिकटवावा आणि त्यावर रंध्याचा तळ घासावा. सगळा तळ आरशासारखा होण्याची जरुरी नाही. पुढचे टोक, पात्याच्या फटीच्या आसपासचा भाग आणि मागचे टोक एका पातळीत आले म्हणजे पुरे. पात्यावर बसणारी दुसरी लोखंडी पट्टी पात्याला सलग टेकली पाहिजे, नाहीतर त्या बारीक फटीत लाकडाची साल अडकते आणि रंधा तुंबतो. पटाशीचेही तसेच. नवशिका तिची तिरकी बाजू तासन्‌तास घासतो आणि पाठ तशीच ठेवतो. परंतु धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेषा, आणि त्यातला एक ओबडधोबड असेल तर दुसऱ्यावर केलेली मेहनत वाया जाते. म्हणून आधी टोकाकडची दोन-तीन सेंटिमीटर पाठ सपाट करावी, मग तिरकी बाजू सुमारे २५ ते ३० अंशांत आणावी, आणि भरड कागदाकडून बारीक कागदाकडे जात धार लावावी. एवढे केलेली स्वस्त पटाशी सागवानाच्या आडव्या छेदावर चकचकीत पृष्ठभाग सोडते. न केलेली महाग पटाशीदेखील लाकूड चिरडते.

इथपर्यंतचा मजकूर कोणत्याही कारागिरास ठाऊक असतो. आमचा मुद्दा याच्या पुढचा आहे. हत्यार चुकीचे आहे हे समजण्यासाठी त्याहून बरोबर, म्हणजे त्याहून महाग, असे दुसरे हत्यार लागते अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नाही. गुण्याचेच पाहा. काटकोन तपासण्याचे हे हत्यार स्वस्तातले असेल तर त्याचा भरवसा धरता येत नाही. मग गुण्याचा काटकोन कशाने तपासावा? सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून एक रेघ मारावी. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकच झाल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर गुण्या खोटा, आणि त्यांच्यामधला कोन हा गुण्याच्या चुकीच्या बरोबर दुप्पट. म्हणजे खोटा गुण्या स्वतःची चूक दाखवतो, आणि तीही दुपटीने मोठी करून. मग कानशीने किती घासायचे हेही त्यावरून ठरवता येते.

याच विचाराचे मोठे उदाहरण यंत्रशाळेच्या इतिहासात आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४० साली पूर्ण सपाट पृष्ठभाग तयार करण्याच्या पद्धतीवर निबंध वाचला. अडचण अशी होती की सपाटी तपासायला आधीच सपाट असलेली एखादी वस्तू हवी, आणि ती तर कोणाजवळ नाही. यावरचा उपाय तीन पाट्यांचा. दोनच पाट्या एकमेकींशी जुळवत उंचवटे खरवडत गेलो तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही त्या तंतोतंत जुळू शकतात. दोघींचे एकमत म्हणजे सत्य नव्हे. पण पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी, अशा तिन्ही जोड्या जुळू लागल्या, की त्या सपाट असण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. तीन सदोष वस्तूंतून, केवळ चिकाटीच्या तुलनेने, निर्दोषतेच्या जवळ जाता येते.

साहित्याच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटले तर नवल नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. मूळ संहिता कोणाजवळच नव्हती. होत्या त्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या, लेखनिकांच्या चुकांनी आणि भरींनी वाढलेल्या पोथ्या. एकाच परंपरेतल्या दोन पोथ्या जुळल्या म्हणून पाठ खरा ठरत नाही, कारण दोघींची चूक एकच असू शकते; दूरच्या परंपरेतली तिसरी पोथी साक्षीला यावी लागते. त्यातून हाती येते ती व्यासांच्या हातची संहिता नव्हे. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जिथवर मागे जाता येईल तिथवरची जुनी संहिता हाती येते. व्हिटवर्थच्या पाट्याही गणितातल्या प्रतलाइतक्या सपाट नसतात. पण दोन्हीकडे विश्वासार्हता विकत आणलेली नाही, तुलनेतून कमावलेली आहे.

येथे एक शंका निघू शकते. मग स्वस्त हत्यारांचाच गौरव करावा काय? आम्हांस तसे मुळीच म्हणायचे नाही. घासून आकार सुधारता येतो, द्रव्य सुधारत नाही. लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतात, ते पोलाद तापवून विझवण्याचे काम बिघडलेले असेल, तर धार कितीही लावली तरी ती दहा मिनिटांत वळते किंवा तिचे कपचे उडतात. पात्यावर चांगली कानस घासून पाहावी. ती घसरली तर पोलाद कणखर आहे, सहज चावली तर ते मऊ आहे आणि त्यावर श्रम खर्चू नयेत. वेगाने फिरणारी घासचक्की आणि डोळ्यांवरचा चष्मा यांत तर काटकसर करूच नये. तेथे साधनाचा दोष लाकडाला नव्हे, माणसाला भोवतो. शिवाय वेळ हीही किंमतच आहे. हौशी माणसाचा रविवार फुकट असतो. रोजंदारीवरच्या सुताराची दुपार फुकट नसते. ‘स्वस्तातही उत्तम काम होते’ हे वाक्य पहिल्याने म्हटले तर तो अनुभव असतो. दुसऱ्याला ऐकवले तर तो अन्याय ठरू शकतो.

आणि सर्वांत मोठा अन्याय विद्यार्थ्यावर होतो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला गेला आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. त्या विचाराची पुसट खूण आपल्या शाळांत ‘कार्यानुभव’ या नावाने उरली. शाळेची हत्यारे सर्वांत कमी दराची असणार, हे परिस्थितीने ठरलेले असते. त्याबद्दल कोणास दोष देता येणार नाही. परंतु ती खोक्यातून काढून जशीच्या तशी मुलीच्या हाती द्यायची, रंध्याने लाकडाचे लचके तोडले की ‘तुझा हात वळत नाही’ म्हणायचे, हे टाळता येण्यासारखे आहे. ज्याने धारदार पटाशी कधीच चालवलेली नाही, त्याला आपल्या हातातली बोथट आहे हे कळणार कसे? त्याच्याजवळ दुसरी रेघ नाही, तिसरी पाटी नाही. मग चूक आपल्याच हातात आहे असे तो समजतो, आणि हा समज पुष्कळदा जन्मभर टिकतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की हत्यारे स्वस्त असोत, पण पहिला पाठ लाकूड कापण्याचा नसावा. गुण्या उलटून पाहण्याचा, पाठ सपाट करण्याचा, धार लावण्याचा असावा. शिक्षकाने निदान एक रंधा आणि एक पटाशी पूर्ण तयार करून वर्गात ठेवावी आणि प्रत्येकाला ती एकदा चालवू द्यावी. भाषेच्या वर्गातही जीर्ण कोश, अशुद्ध छापलेली स्वस्त आवृत्ती, उसनी टिपणे यांवरच बहुतेक मुले शिकतात. त्यांनाही आधी दोन प्रती शेजारी ठेवून वाचायला शिकवावे आणि शक्य तर तिसरी मिळवून द्यावी. त्यानंतरही नाच जमला नाही तर ती म्हण खुशाल वापरावी. तोवर अंगण मोजून देण्याची जबाबदारी शिकवणाऱ्याची आहे.