ब्लेड झिजण्याआधी गंजते, त्याचे काय?

मिरकरवाड्यात लोखंडाची कोणतीही वस्तू आणा, तिच्यावर पहिला हक्क समुद्राचा असतो. बोटीचा नांगर, खिडकीचे गज, दुकानाचे शटर, शिलाई मशीनची सुई, काहीच सुटत नाही. म्हणून आपण नांगराला रंग देतो, शटरला ग्रीस लावतो, मशीनला दर आठवड्याला तेल घालतो. मात्र घरातले सर्वांत पातळ पोलाद म्हणजे दाढीचे ब्लेड. त्याची जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. ते आपण न्हाणीघराच्या फळीवर ओलेच टाकतो आणि चार दिवसांनी गाल कापला की कंपनीला दोष देतो.

माझे म्हणणे साधे आहे. आपल्या किनाऱ्यावर पुष्कळशी ब्लेड्स वापरून संपत नाहीत, दोन वापरांच्या मधल्या दिवसांत संपतात. रोज दाढी करणाऱ्याचे ब्लेड केसांनी झिजते. पण आपल्या समाजात बरेच लोक दाढी राखतात. त्यांना रेझर लागतो तो दाढीची कड सरळ करायला, मिशी नीट करायला किंवा सफाईला, तोही बहुधा जुम्म्याच्या जुम्मा. म्हणजे ब्लेड पाच मिनिटे काम करते आणि सात दिवस दमट हवेत पडून राहते. त्याचा घात कोण करतो, हे वेगळे सांगायला नको.

“पण ब्लेड तर स्टेनलेस असते,” असे दुकानात रोज ऐकू येते. या शब्दाने फार घोटाळा केला आहे. किंग जिलेटचा सेफ्टी रेझर १९०३ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला, तेव्हा त्याची पाती साध्या पोलादाची होती आणि ती पुसून ठेवणे हा दाढीचाच एक भाग मानला जाई. १९६२ मध्ये इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस ब्लेड बाजारात आणले, पुढे इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला आणि लोक पुसणे विसरले. वास्तविक स्टेनलेस पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम असते. हवेशी संयोग होऊन त्याचा एक अदृश्य थर पोलादावर बसतो आणि आतल्या लोखंडाला जपतो. साध्या पाण्यापुढे हा थर टिकाव धरतो. खारटपणापुढे तो जागोजागी फुटतो आणि तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. बाकी पाते चकचकीत दिसते, धार मात्र गेलेली असते. धारेची कड इतकी बारीक असते की डोळ्यांना गंज दिसायच्या आधीच ती खडबडीत झालेली असते.

हा खारटपणा येतो कुठून? खाऱ्या वाऱ्यातून तर येतोच. शिवाय किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते आणि माणसाच्या घामातही मीठ असते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलेच पाणी ओढून घेते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमटपणा बहुतेक वेळ त्याहून जास्तच असतो. बरणीत जे होते तेच ब्लेडवरच्या मिठाच्या कणांचे होते. एकदा वाळलेले पाते पुन्हा आपोआप ओले होते. म्हणून सोलापूरच्या कोरड्या हवेतला नुसता झटकून ठेवण्याचा रिवाज रत्नागिरीत पुरत नाही.

काही जाणकार म्हणतील की धार केसांमुळेच जाते, गंजाचा बाऊ कशाला? त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला केससुद्धा ठराविक कोनात वाकला की धारेचा कपचा उडवू शकतो. त्यावर इलाज म्हणजे केस आधी कोमट पाण्याने चांगले भिजवून मऊ करणे. पण हे नुकसान ब्लेड चालते तेव्हाच होते. गंज रात्रंदिवस काम करतो, अगदी आपण झोपलो असतानाही. आठवड्यातून एकदा रेझर हाती घेणाऱ्याने आधी कुणाची काळजी करावी, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. काम झाले की दांडी दोन फेरे सैल करावी, म्हणजे साबण आणि केस निघून जातील. शेवटचे धुणे गोड्या पाण्याने करावे. वाळलेला साबणाचा थर ओल धरून ठेवतो, म्हणून तो राहू देऊ नये. मग रेझर जोराने झटकून ब्लेड बाहेर काढावे. जुन्या रेझरचे डोके पितळेचे असते आणि त्यावरचा मुलामा बहुधा उडालेला असतो. ओले पोलाद पितळेला चिकटून राहिले तर अधिक लवकर गंजते. ब्लेड सुती कापडावर ठेवून वरून अलगद दाबावे आणि पाणी टिपून घ्यावे. धारेवरून कापड कधीही ओढू नये. त्यात धारही जाते आणि बोटही. पाते कोरडे झाल्यावर खोबरेलाचे एक बोट दोन्ही अंगांना फिरवावे, मात्र धारेपासून जपून. ओल्या पात्यावर तेल लावले तर पाणी तेलाखाली अडकून बसते, म्हणून आधी कोरडे करणे आणि मग तेल, हा क्रम चुकवू नये. पुढच्या खेपेला गरम पाण्याने तेल धुऊन टाकावे, नाहीतर साबणाला फेस येणार नाही.

ठेवण्याची जागा न्हाणीघरात नको. घट्ट झाकणाचा लहानसा डबा घ्यावा. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची जी पुडी येते, ती फेकून न देता या डब्यात टाकावी. तुरटीचा खडा मात्र त्यात ठेवू नये. तुरटी कापलेल्या जागेला चांगली, पण ओली तुरटी आम्लधर्मी असते आणि पोलादाला खाते. या कामासाठी महागडे यंत्र घेण्याचीही गरज नाही. ब्लेड टिकवण्याच्या नावाखाली जगाने काय काय केले आहे! चेकोस्लोव्हाकियात कारेल द्रबाल नावाच्या गृहस्थांना १९५९ मध्ये चक्क पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ब्लेड ठेवण्याचे पेटंट मिळाले होते. आपल्याला पिरॅमिड नको, कोरडे फडके पुरे.

आता सलून चालवणाऱ्या कारागीर बंधूंसाठी एक इशारा. वर सांगितलेले सर्व घरच्या आणि एकाच माणसाच्या ब्लेडसाठी आहे. सलूनमध्ये एकाला वापरलेले पाते कितीही पुसले आणि तेलात बुडवले, तरी दुसऱ्याला लावता येत नाही. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार आहेत. चकाकी पाहून ते कळत नाहीत. पण गंजाचा प्रश्न तिथेही आहे. आपण ब्लेड मधोमध मोडून अर्धे वस्तऱ्यात घालतो आणि उरलेले अर्धे ओल्या फळीवर ठेवतो. तास-दोन तासांनी येणाऱ्या गिऱ्हाईकाच्या वाट्याला ते येते. न वापरलेला हा अर्धा भाग ताबडतोब त्याच्याच मेणकागदात गुंडाळून कोरड्या डबीत ठेवला तर गिऱ्हाईकाचा गाल सोलवटणार नाही.

आमच्या कापडाच्या धंद्यात ब्लेडचा गंज वेगळ्याच रीतीने नडतो. शिंपी शिवण उसवायला ब्लेडचा तुकडा वापरतो. तो गंजलेला असेल तर ईदच्या पांढऱ्या कुर्त्यावर पिवळट-तांबूस ठिपका उमटतो. हा डाग साबणाने जात नाही, आणि क्लोरीनच्या ब्लीचने तर अधिकच पक्का बसतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवले, मग खळखळून धुतले, तर थोडाफार उतरतो. रंगीत कापडावर तेही करता येत नाही. दोन रुपयांचे पाते शेकड्यांचे कापड खराब करते आणि दोष कधी शिंप्यावर, कधी दुकानदारावर येतो. उसवायचे ब्लेड, टाचण्या आणि सुया मशीनच्या तेलाचा हात लावलेल्या फडक्यात ठेवाव्यात, वापरण्यापूर्वी कोरड्या चिंधीने पुसाव्यात, एवढीच शिस्त हवी.

शेवटचा मुद्दा ब्लेड विकणाऱ्या दुकानदारांचा. पावसाळ्यात भिंतीला टेकवलेल्या खोक्यात ओल शिरते. वरची पाकिटे बरी दिसतात, तळाच्या पाकिटांचा कागद चिकटलेला असतो आणि आत पात्यावर तपकिरी ठिपके पडलेले असतात. असे पाकीट गिऱ्हाईकाच्या हातात तसेच सरकवणे ही तिजारत नव्हे. ढिगाच्या आत पावसाने भिजलेले धान्य दडवणाऱ्या व्यापाऱ्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर ठेवावा, हीच तिची शिकवण. धान्याला जो नियम, तोच ब्लेडच्या पाकिटाला. खराब माल बाजूला काढावा, खोकी भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवावीत आणि जून ते सप्टेंबर बेताचाच साठा करावा.

आणि ब्लेड देताना ते कोरडे कसे ठेवावे, हेही सांगावे. कोणी विचारेल, असे सांगितले तर आपला खप कमी होणार नाही का? होईल. दर आठवड्याला एक ब्लेड फेकणारा वर्षाला ५२ घेतो. तेच ब्लेड चार वेळा चालले तर १३ पुरतात. पैशात ही बचत मोठी नाही आणि दुकानदाराचे नुकसानही मोठे नाही. पण ३९ ब्लेड्स कमी फेकली गेली म्हणजे ३९ धारदार तुकडे कचऱ्यात कमी गेले, आणि त्या कचऱ्यात हात घालणारा सफाई कामगार आपल्याच गावचा आहे. जी फेकावीच लागतात ती झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवून, डबा भरल्यावर तोंड बंद करूनच द्यावीत.

खरा सल्ला देणाऱ्या दुकानावर गिऱ्हाईक ब्लेडसाठी कमी वेळा येईल, पण साबणासाठी, तेलासाठी आणि इतर मालासाठी तिथेच येईल. बरकत खपाच्या आकड्यात नसते, भरवशात असते. समुद्र आपला हक्क सोडणार नाही. आपण फडके हातात घ्यायचे की दर जुम्म्याला नवे पाकीट फोडायचे, हे व्यापारी आणि कारागीर बंधूंनी ठरवावे.