तोच भोवरा पुन्हा कशाला टिपायचा?

हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींची देखणी छायाचित्रे घरबसल्या दिसत असताना हौशी निरीक्षकाने रात्र जागवून तीच धूसर सर्पिल दीर्घिका पुन्हा का टिपावी? हा आक्षेप दीर्घिकेला भिंतीवरची तसबीर समजतो; पण दीर्घिका बदलत असते. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात हौशी निरीक्षक व्हिक्टर बुसो नवा कॅमेरा तपासण्यासाठी ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून एनजीसी ६१३ या सर्पिल दीर्घिकेचे २०-२० सेकंदांचे फोटो घेत होते. पहिल्या फोटोंत जिथे काहीच नव्हते, तिथे नंतरच्या फोटोंत एक ठिपका उमटला आणि बघता बघता उजळत गेला. ताऱ्याच्या स्फोटाचा अगदी पहिला प्रकाश कॅमेऱ्यात सापडला होता.

यात नशीब होतेच, पण नशीब उघडायला दुर्बीण तिकडे वळलेली असावी लागते. महाकाय दुर्बिणींचा वेळ आधीच वाटून दिलेला असतो. एकाच दीर्घिकेवर त्या रोज नजर ठेवू शकत नाहीत. स्वयंचलित सर्वेक्षणे आता आकाश पिंजून काढतात, हे खरे. तरीही मे २०२३ मध्ये एम १०१ या दीर्घिकेतला ताऱ्याचा स्फोट प्रथम हेरला तो जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनीच. म्हणून वाचकहो, दीर्घिकेचा फोटो कितीही धूसर आला तरी मूळ फ्रेम पुसू नका, आणि तारीख-वेळ अचूक नोंदवा.